फार्म शेअरमधली शरदातली भाजी: न्यू इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, शेतकऱ्याला आगाऊ पैसे देऊन घेतलेल्या भाजीच्या वाट्यातून, आमच्या ओट्यावर दोन बटरनट भोपळे, पाच पौंड बटाटे, पाल्यासकट बीट, केल या पालेभाजीच्या दोन जुड्या, एक नवलकोल आणि ज्याचे नावही ठाऊक नव्हते असा मातीने माखलेला एक खडबडीत कंद येऊन पडला. पुढच्या मंगळवारी एवढेच सामान पुन्हा येणार आहे, या विचारानेच आम्ही दोघे धास्तावलो. उन्हाळाभर हिरव्या भाज्या आठवड्याच्या आठवड्याला संपवण्याची सवय लागली होती, म्हणून ही खेपही आठवड्यात संपवायची असे आम्ही धरून चाललो. परिणामी भोपळा आधी खाल्ला आणि पाला फ्रीजमध्ये पिवळा पडला. चूक भाजीच्या प्रमाणात नव्हती, खाण्याच्या क्रमात होती. शरदातल्या शेअरचा निम्मा भाग ही भाजी नसून बेगमी असते, हे कळायला आम्हाला एक हंगाम लागला. तुम्हाला तो लागू नये म्हणून हे लिहीत आहे.

ज्याला इथे फार्म शेअर किंवा सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) म्हणतात, त्यात ग्राहक हंगामापूर्वीच शेतकऱ्याला पैसे देतो आणि त्या बदल्यात शेतात जे पिकेल त्यातला वाटा ठरलेल्या दिवशी घेतो. अमेरिकेतली अशी पहिली दोन शेते १९८६ मध्ये सुरू झाली. त्यांपैकी एक मॅसेच्युसेट्समधल्या साउथ एग्रिमाँटचे ‘इंडियन लाइन फार्म’ (नावातल्या इंडियनचा आपल्याशी संबंध नाही) आणि दुसरे न्यू हॅम्पशायरमधले ‘टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म’. पुढे जे सांगितले आहे ते बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या हवामानाला धरून आहे. न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये राहत असाल तर तारखा थोड्या मागेपुढे कराव्या लागतील.

१. कोणता शेअर घ्यावा

मुख्य शेअर साधारणपणे जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतो, आणि त्याची नोंदणी हिवाळ्यातच उघडते. शरदाचा शेअर अनेक शेते वेगळा विकतात आणि त्याची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, म्हणून उन्हाळ्यात या देशात आलेल्या माणसालाही तो मिळू शकतो. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे माझे मत आहे. खेपा मोजक्या असतात, बहुतेक माल टिकाऊ असतो, आणि चूक झाली तरी ती सुधारायला सवड मिळते.

शेत शोधण्यासाठी ‘लोकलहार्वेस्ट’ हे संकेतस्थळ, केंद्रीय कृषी खात्याची सीएसए सूची आणि मॅसेच्युसेट्सच्या कृषी खात्याचा ‘मासग्रोन’ नकाशा उपयोगी पडतो. शेत निवडल्यावर नोंदणीपूर्वी त्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात. पेटी भरलेली मिळते की बाजारासारखी मांडलेल्या मालातून निवडून घ्यायची असते? भाजी दर आठवड्याला मिळते की आठवड्याआड? एखादी खेप चुकली तर ती पुढे ढकलता येते का? अंडी किंवा मांस आपोआप जोडले जात नाही ना? शाकाहारी घराने हा शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण नोंदणीच्या अर्जात जोडवस्तूंच्या चौकटी एकाखाली एक असतात आणि घाईत नको ती खूण होऊन जाते.

सगळी शेअर-शेते ऑरगॅनिक असतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. विशेषतः सफरचंदे या दमट हवेत फवारणीशिवाय घेणे अवघड असते, त्यामुळे भाज्या ऑरगॅनिक आणि शेजारच्या बागेतून आलेली फळे फवारलेली, असे बऱ्याचदा असते. विचारले तर शेतकरी मोकळेपणाने सांगतात.

दोन माणसांच्या घराला पूर्ण शेअर जड जातो. अर्धा शेअर मिळत नसेल तर ओळखीच्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर तो विभागून घ्यावा. मात्र एकेका नवलकोलचे दोन तुकडे करत बसण्यापेक्षा पाळीपाळीने एकेका आठवड्याची अख्खी खेप उचलणे सोयीचे होते.

२. नोंदणीसाठी काय लागते

कागदपत्रांची धास्ती बाळगू नये. व्हिसा, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा क्रेडिट इतिहास इथे कोणी विचारत नाही. लागते ते एवढेच:

– नाव, पत्ता, फोन आणि रोज पाहिला जाणारा ईमेल, कारण वेळेतले बदल आणि या आठवड्यात काय मिळणार ही माहिती त्यावरच येते;
– चेकबुक किंवा कार्ड (काही लहान शेते अजूनही चेकच पसंत करतात, आणि हप्ते पाडून मिळतात का हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये);
– सभासदत्वाचा करार, जो सही करण्यापूर्वी पूर्ण वाचायचा असतो;
– तुमच्याऐवजी भाजी घेऊन जाऊ शकेल अशा एका माणसाचे नाव.

करारात एक वाक्य बहुधा असतेच. पीक बुडाले तर पैसे परत मिळणार नाहीत, असा त्याचा अर्थ असतो. हे वाक्य नावापुरते नाही. १८ मे २०२३ रोजी ऐन फुलोऱ्यात पडलेल्या कडाक्याच्या थंडीने या भागातल्या सफरचंदांचे मोठे नुकसान केले, आणि त्याच वर्षी जुलैत व्हरमाँट व पश्चिम मॅसेच्युसेट्समधल्या नद्यांना पूर येऊन ऐन हंगामातली शेते पाण्याखाली गेली. पुराचे पाणी लागलेला भाजीपाला माणसांच्या खाण्यासाठी विकता येत नाही, असा इथल्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असल्याने वरून धडधाकट दिसणारे पीकही टाकून द्यावे लागते. वाटा घेणे म्हणजे त्या जोखमीतलाही वाटा घेणे असते. हे मान्य नसेल तर शनिवारच्या शेतकरी बाजारात रोख पैसे देऊन भाजी घेणे अधिक बरे.

३. भाजी घेण्याच्या दिवशी

बरोबर दोन मजबूत कापडी पिशव्या आणि पाल्यासाठी तीन-चार प्लास्टिकच्या पिशव्या न्याव्यात. भोपळे आणि बटाटे एका पिशवीत, पाला दुसऱ्या पिशवीत ठेवावा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत कोथिंबिरीचा चोथा होतो. फळ्यावर ‘कोणतीही कंदमुळे मिळून तीन पौंड’ असे लिहिलेले असते. शेजारी तराजू असतो, त्यावर आपले आपण वजन करून घ्यायचे. कोणी पाहत नसते आणि सगळी व्यवस्था विश्वासावर चालते, त्यामुळे ‘एक जुडी’ म्हणजे एकच जुडी.

नको असलेली भाजी अदलाबदलीच्या पेटीत ठेवून तिथली दुसरी उचलता येते. आमच्या शेतावर लोक तिथे सर्वांत जास्त काय टाकून जातात, तर पांढरा मुळा आणि नवलकोल. मराठी घराने या पेटीकडे पाहिल्याशिवाय परतू नये.

इथे तीन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली वेळेची. ठरलेले दोन-तीन तास संपले की उरलेला माल बहुतेक शेते गरजूंच्या अन्नकेंद्राला देतात, मग फोन करून उपयोग नसतो. दुसरी अंधाराची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि बॉस्टनकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे कामावरून परस्पर जाणाऱ्याने गाडीत विजेरी ठेवावी. तिसरी गोचिडीची. स्वतः खुडून घ्यायच्या वाफ्यांत जाताना पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे, कारण लाइम रोग पसरवणाऱ्या हरणगोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही कामावर असतात. थंडी पडली म्हणजे किडे गेले, हा आपला हिशेब इथे चालत नाही.

४. घरी आल्यावरचा पहिला तास

हा तास टाळला तर पुढचा सगळा आठवडा बिघडतो. पिशव्या तशाच फ्रीजमध्ये कोंबून झोपी जाण्याचा मोह आवरावा.

सर्वप्रथम बीट, मुळा, सलगम, गाजर आणि नवलकोल यांचा पाला कापून वेगळा करावा. पाला तसाच राहिला तर तो कंदातले पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखे वाकू लागते. हा पाला फेकायचा नाही. मुळ्याच्या आणि सलगमच्या पाल्याची पीठ पेरून भाजी होते, बीटचा पाला पालकासारखा डाळीत जातो. नंतर पालेभाज्या निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून पिशवीत भराव्यात. कंदमुळे मात्र धुऊ नयेत, नुसती माती झटकावी. ओली केलेली मुळे लवकर सडतात. वापरण्यापूर्वी ती धुताना सिंकऐवजी बादली वापरावी आणि ते पाणी बाहेर झाडाला घालावे. भाड्याच्या घरातली मोरी मातीने तुंबली तर घरमालकाला समजावणे कठीण असते.

मग फ्रीजच्या दारावर एक चिठ्ठी लावावी. आमच्या चिठ्ठीचा क्रम असा असतो: पहिले तीन दिवस कोथिंबीर, शेपू, कोवळा पाला आणि कंदांचा कापलेला पाला, आठवड्याच्या आत केल, चार्ड, ब्रोकोली, फ्लॉवर, त्यानंतर लीक, कोबी, नवलकोल, मग गाजर, बीट, मुळा, आणि सर्वांच्या शेवटी कांदे, लसूण, बटाटे, रताळी, भोपळे. चिठ्ठीच्या तळाशी असलेले पदार्थ या आठवड्यात शिजवण्याची गरजच नसते, हे एकदा मनाने घेतले की शेअर निम्मा हलका वाटतो.

५. काय कुठे ठेवावे

भोपळ्यांना ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ अंश सेल्सिअस, इतका कोरडा गारवा मानवतो. जुन्या घरांना तळघर असते. अपार्टमेंटमध्ये बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट किंवा हीटरपासून दूरचा कोपरा शोधावा. भोपळा सिमेंटच्या फरशीवर थेट ठेवू नये, खाली पुठ्ठा घालावा. देठ मोडलेला किंवा ओरखडा पडलेला भोपळा आधी खावा. एकॉर्न भोपळा महिन्या-दीड महिन्यात संपवलेला बरा, बटरनट मात्र दोन-तीन महिने सहज टिकतो.

रताळी फ्रीजमध्ये ठेवू नयेत. ५० अंशांखालच्या थंडीने ती आतून कडक होतात आणि मग कितीही शिजवली तरी मध्ये गाठ राहते. नवरात्रासाठी म्हणून आम्ही जपून फ्रीजमध्ये ठेवलेल्या रताळ्यांचा कीस असाच वाया गेला. बटाटेही फ्रीजबाहेर, पण अंधारात ठेवावेत. उजेडाने हिरवे पडलेले बटाटे खाऊ नयेत, आणि थंडीत ठेवलेल्या बटाट्यांतल्या पिष्टाची साखर होऊन ते तळताना काळे पडतात. कांदे बटाट्यांपासून दूर ठेवावेत. सफरचंदे गाजरांच्या खणात ठेवू नयेत, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते. गाजरे, बीट आणि मुळे मात्र पिशवीत बांधून फ्रीजच्या सर्वांत थंड खणात ठेवावीत. नोव्हेंबरच्या शेवटच्या खेपेतली गाजरे आमच्याकडे जानेवारीत भोगीच्या भाजीपर्यंत पुरतात.

इथला लसूण बहुधा मधोमध कडक दांडा असलेला असतो. त्याच्या पाकळ्या मोठ्या आणि सोलायला सोप्या असतात, चटणीला तो उत्तम. मात्र सोललेला कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, त्यात बोट्युलिझमचे विष तयार होण्याचा धोका असतो.

६. अनोळखी भाज्या, ओळखीच्या फोडण्या

शेताच्या ईमेलमध्ये येणाऱ्या पाककृती बहुतेक ओव्हनमध्ये भाजण्याच्या असतात. त्या वाईट नसतात, पण आठवड्यातून चार दिवस तेच खाऊन जीभ कंटाळते. त्यापेक्षा भाजी हातात घेऊन ‘ही आपल्याकडच्या कशासारखी आहे’ हा प्रश्न विचारावा.

भोपळ्यांत हा प्रश्न फार उपयोगी पडतो. आपल्याकडचा लाल भोपळा बहुतेक करून ज्या जातीचा, क्युकरबिटा मोशाटा, त्याच जातीचा बटरनट आहे. म्हणून मेथीदाण्याची फोडणी, गूळ आणि ओले खोबरे घालून केलेली भाजी त्याची अगदी घरच्यासारखी लागते. उकडून, दही, दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची घालून त्याचे भरीतही होते. विदर्भातल्या वाचकांना कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, बाकर भाजी करायची असेल तर तीळ, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचे वाटण कबोचावर अधिक खुलते. हिरव्या सालीचा हा भोपळा कोरडा आणि पिठूळ असतो. घारग्यांसाठीही तोच घ्यावा. कीस गुळाबरोबर शिजवून त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी मळावी, पाणी अजिबात घालू नये. बटरनटचे घारगे करायला गेल्यास पाणी सुटते आणि पीठ वाढत वाढत परात भरते. डेलिकाटा भोपळ्याची साल कोवळी असते, ती काढण्याची गरज नाही. काचऱ्या करून परतावा. हॅलोविनसाठी कोरायचा मोठा केशरी भोपळा मात्र पाणचट आणि तंतुमय असतो, त्याच्या फक्त बिया भाजून खाव्यात.

याच हंगामात शेते शोभेचे लहान, चट्ट्यापट्ट्यांचे, गाठाळ भोपळे सभासदांना भेट म्हणून देतात. आम्ही त्यातला एक आमटीत चिरला आणि अख्खी आमटी कडू जहर झाली. दुधी आणि काकडी चिरण्यापूर्वी चाखून पाहण्याची आपल्या आजीची सवय इथेही पाळावी. कडू लागलेला कोणताही भोपळा शिजवून सुधारत नाही, त्यातल्या क्युकरबिटासिनने उलट्या-जुलाब होऊ शकतात. तो सरळ टाकून द्यावा.

टणक भोपळा कापण्यासाठी तो सुरीने तीन-चार ठिकाणी टोचून दोन-तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये फिरवावा, साल मऊ पडते. विळी भारतातून आणली असेल (विमानात ती चेक-इन सामानातच ठेवावी लागते) तर तुमचे काम आणखी सोपे आहे.

कोलार्डची रुंद पाने पाहताच अळू आठवते, आणि अळूवडी त्याची खरोखरच चांगली होते. मधली जाड शीर सपाट तासून, पान गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून त्यावरून लाटणे फिरवावे. खाज येत नसल्यामुळे चिंच चवीपुरतीच पुरे. केलची दांडी काढून, पाने बारीक चिरून, लसूण आणि मुगाची भिजवलेली डाळ घालून परतावी. नुसती केल कोशिंबिरीसारखी खायची असेल तर मीठ-लिंबू लावून ती हाताने चुरावी लागते. चार्ड पालकाच्या जागी पातळ भाजीत जातो. लीकमध्ये पापुद्र्यांच्या आत वाळू असते, म्हणून उभा चिर देऊन धुवावा आणि पातीच्या कांद्यासारखी पीठ पेरून भाजी करावी. नवलकोल किसून दह्यात कालवावा, आणि आतून गुलाबी निघणारा वॉटरमेलन मुळाही तसाच. पार्सनिप पांढऱ्या गाजरासारखे दिसते, पण जून असेल तर मधला दांडा काढून टाकावा लागतो. आणि तो खडबडीत कंद? तो सेलेरियॅक, म्हणजे सेलरीच्या जातीचा कंद, होता. साल जाड कापून काढली की आतला गर सांबारात किंवा मिश्र भाज्यांच्या थालीपिठात किसून चांगला मिसळतो. त्यापलीकडे त्याच्यावर आमचे प्रेम जडलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

७. दंव पडण्यापूर्वी आणि नंतर

आमच्या भागात पहिले दंव सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केव्हाही पडते. त्याच्या आदल्या दिवशी शेताकडून ईमेल येतो: उरलेले टोमॅटो, मिरच्या, वांगी आणि तुळशीच्या कुळातली बेझिल, जे हवे ते खुडून न्या. हा ईमेल चुकवू नये. हिरव्या टोमॅटोंची दाण्याचे कूट आणि तीळ घालून चटणी करावी, आणि पिकवायचे असतील ते वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून ठेवावेत. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांची मात्र इथे पंचाईत होते. शेतात वांगी येतात ती नेमकी चातुर्मासात, आणि चंपाषष्ठीला भरीत करायच्या वेळी शेत गोठलेले असते. यावर आमचा उपाय असा की ती वांगी तेव्हाच भाजून, सोलून, गर डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवतो.

दंवानंतर काही भाज्यांची चव सुधारते. थंडीपासून बचाव करण्यासाठी केल, गाजर आणि पार्सनिप आपल्यातल्या पिष्टाची साखर करतात. सप्टेंबरात केल कडवट लागली म्हणून ती अदलाबदलीच्या पेटीत टाकत असाल, तर नोव्हेंबरात एकदा पुन्हा चाखावी.

८. जे संपणारच नाही त्याचे काय

पालेभाज्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे (कोलार्ड तीन) बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात घालाव्यात, पिळून मुठीएवढे गोळे करावेत आणि फ्रीजरमध्ये ठेवावेत. एक गोळा एका वेळच्या डाळीला पुरतो. भोपळा वाफवून, कुस्करून कपाकपाने गोठवावा. तो बरण्यांत भरून घरच्या घरी डबाबंद करण्याच्या फंदात पडू नये, घट्ट गरात उष्णता आतपर्यंत पोहोचत नसल्याने कृषी खातेच ते करू नका म्हणते. क्रॅनबेरी मिळाल्या तर त्यांचे लोणचे घालावे. त्या मुळातच आंबट असतात, त्यामुळे कैरीच्या लोणच्याचा मसाला जसाच्या तसा चालतो, फक्त गूळ थोडा जास्त लागतो.

९. शेवटची खेप

ही बहुधा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात, सुट्टीच्या एक-दोन दिवस आधी असते आणि नेहमीच्या दुप्पट माल मिळतो, म्हणून पिशव्या चार न्याव्यात. डिसेंबरात भारतात जाणार असाल तर या खेपेतली मुळे आणि भोपळे शेजाऱ्यांना देऊन टाकावेत, पण कांदे, लसूण आणि निरोगी बटरनट गार कपाटात ठेवून जायला हरकत नाही. शेताच्या पेट्या परत करायच्या असतात, त्या याच दिवशी गाडीत टाकाव्यात. पुढच्या वर्षीच्या मुख्य शेअरची नोंदणी लवकर करणाऱ्यांना काही शेते सवलत देतात, तेव्हा निघण्यापूर्वी ती केव्हा उघडते हेही विचारून घ्यावे.